इंग्रजी स्पेलिंग

इंग्रजी शब्दांचे रूढ अक्षरलेखन. ते उच्चारापेक्षा शब्दाचा इतिहासच अधिक सांगते. ‘नाइट’ (सरदार) या शब्दातले के आणि जीएच एके काळी खरोखर उच्चारले जात. विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला आणि पुढे स्पेलिंग हळूहळू गोठत गेले; नेमके त्याच काळात दीर्घ स्वरांचे उच्चार मात्र सरकत होते. त्यात पंडितांनी भर घातली. फ्रेंचमधून आलेल्या ‘डेट’ (कर्ज) या शब्दात लॅटिन ‘देबितुम’शी नाते दाखवण्यासाठी बी घुसवला; उच्चारात तो शिरलाच नाही. ‘आयलंड’मधला एस तर निव्वळ गैरसमजाचा. शब्द अस्सल इंग्रजी, पण त्याचे गोत्र लॅटिन ‘इन्सुला’शी जुळवले गेले. अमेरिकेत नोआ वेब्स्टरच्या १८२८ च्या कोशाने ‘कलर’मधला यू गाळला, सुधारणेची मजल त्यापुढे फारशी गेली नाही. फिनिशमध्ये अक्षर आणि ध्वनी जवळजवळ एकास एक जुळतात. तुर्कीने १९२८ मध्ये लॅटिन लिपी घेताना बऱ्याच अंशी तेच साधले. मराठीही पुरती निर्दोष नाही. ‘जग’ म्हणजे विश्व की ‘जगणे’चे आज्ञार्थी रूप, हे लिपीवरून कळत नाही, ज उच्चारून दाखवावा लागतो.