कोरी चिठ्ठी: घरगुती ध्वनिमुद्रण आणि आपला इतिहास

पुणे-सातारा रस्त्यावर चेलाडी फाट्याला आत वळले की नसरापूर लागते. पुण्याहून येणारी बहुतेक माणसे गाव मागे टाकून बनेश्वराला जातात. नानासाहेब पेशव्यांच्या काळातले हे देऊळ. तेथे एक मोठी घंटा आहे. तिच्यावर क्रूस आहे आणि १६८३ हे साल आहे. घंटा पोर्तुगिजांची, १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, त्या मोहिमेतून ती इकडे आली असे सांगतात. महाविद्यालयातील मुलांना मी ती घंटा आवर्जून दाखवतो. इतिहासाचे साधन कसे असावे याचा हा नमुनाच आहे. वस्तू आहे, तिच्यावर साल आहे, तिचा मालक कोण होता आणि ती कोणी आणली हे ठाऊक आहे. आणि आजही ती वाजते.

याच गावात आमच्या घरी पत्र्याच्या पेटीत एकवीस कॅसेटी आहेत. त्यांतही आवाजच आहेत. आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, गायन पार्टीचे आवाज. पण एकाही कॅसेटवर साल नाही, गाणाऱ्याचे नाव नाही. प्लॅस्टिकच्या डबीत घालायची ती लहानशी चिठ्ठी सगळीकडे कोरी. तीनशे चाळीस वर्षांपूर्वीच्या घंटेचा इतिहास मला सांगता येतो; तीस वर्षांपूर्वी माझ्याच घरात भरलेल्या कॅसेटीचा सांगता येत नाही. हे असे का झाले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

आपल्याला 'मूक' म्हटले गेले. बाबासाहेबांनीही १९२० साली आपल्या पत्राला 'मूकनायक' हे नाव दिले. परंतु येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. ज्या समाजाला मूक म्हटले, तोच गावाचा आवाज होता. हलगी आणि सनई मातंगांच्या हातात. दवंडी महाराच्या तोंडी. तमाशाच्या फडात ढोलकी, तुणतुणे आणि गळा दोघांचा. चावडीचा हुकूम, लग्नाची वरात, देवाची पालखी, मयताची बातमी, यांतले काहीही आपल्या आवाजावाचून होत नव्हते. म्हणजे आवाज होता. आवाजावर हक्क नव्हता. वाजवणे ही कला मानली गेली नाही, ती गावकी ठरली. बोलावले की जायचे, थांब म्हटले की थांबायचे आणि मिळेल ते पदरात घ्यायचे.

भोर संस्थान १९४८ साली विलीन झाले. १९५६ साली नागपूरला धर्मांतर झाले. १९५८ च्या कायद्याने महार वतने संपली. या दहा वर्षांत नसरापूरसारख्या गावांत आपल्या माणसांच्या कानांवर आणि हातांवर काय परिणाम झाला, हे कोणी लिहिले नाही. आमच्या आजोबांनी दवंडी द्यायचे सोडले, एवढे घरात सांगतात. जे वाद्य हुकमाने वाजवावे लागले ते खाली ठेवणे, हा विद्रोहच होता. पण माणसाला गाणे काही सोडवत नाही. मग एकतारीवरच्या भजनांच्या जागी भीमगीते आली, पेटी आली, ढोलक आली आणि 'गायन पार्टी' नावाची नवी संस्था उभी राहिली. तिला गावचा हुकूम नव्हता. ती जयंतीला गात होती, आपल्या लग्नांत गात होती, आणि कोणाकडून काय घ्यायचे हे तीच ठरवत होती.

या आधी जलसे होऊन गेले होते. भीमराव कर्डकांच्या जलशाने तमाशाचा सांगाडा घेतला आणि त्यात देवादिकांच्या जागी शिक्षण, मृतमांसाचा त्याग आणि माणूसपण भरले. वामनदादा कर्डक मुंबईत आल्यावर, मोठ्या वयात अक्षरे शिकले आणि १९४३ पासून गाणी लिहू लागले. या लोकांची पदे छापली गेली, पाठ झाली. पण १९३० च्या दशकात जलसा कानाला नेमका कसा लागत होता? ढोलकीची लय किती चढी होती, शाहीर कोठे थांबत होता, श्रोते कोठे हसत होते? शब्द उरले, ध्वनी गेला.

ध्वनी जाण्याचे कारण यंत्र नव्हते असे नाही. कलकत्त्यात १९०२ साली गौहरजानच्या तबकड्या भरल्या गेल्या होत्या. यंत्र होते, पण त्याच्या दारापर्यंत वाट नव्हती. तबकडी भरायची की नाही हे कंपनी ठरवत होती. पुण्याचे आकाशवाणी केंद्र १९५३ साली सुरू झाले. तेथे आवाजाची परीक्षा होती, प्रतवारी होती. आणि आमच्या गायन पार्टीचा प्राण असलेली पेटी? आकाशवाणीने १९४० साली हार्मोनियमवर बंदी घातली होती, ती १९७१ पर्यंत टिकली. बंदीचे कारण शास्त्रीय होते: पेटीचे स्वर पक्के ठरलेले, तिच्यात मींड निघत नाही, ती परदेशी. आपल्या लोकांना डोळ्यांपुढे ठेवून ही बंदी घातली, असे माझे म्हणणे नाही. पण ज्या गरिबाकडे सारंगिया नव्हता आणि एक पेटी होती, त्याच्यासाठी त्या शास्त्राचा अर्थ काय झाला, हे विचारायला नको काय?

ही कोंडी कॅसेटने फोडली. फिलिप्स कंपनीने १९६३ साली काढलेली ही लहान डबी १९८० च्या दशकात आपल्या वस्त्यांपर्यंत आली. तबकडीच्या मानाने तिचा खर्च इतका कमी की लहान कंपन्या निघाल्या, आणि प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचे आवाज चहाच्या टपरीवर, रिक्षात, जयंतीच्या मंडपात ऐकू येऊ लागले. पीटर मॅन्युएल या अमेरिकी अभ्यासकाने 'कॅसेट कल्चर' या १९९३ च्या ग्रंथात उत्तर भारतातील हे स्थित्यंतर मांडले आहे. परंतु कॅसेटने बाजार उघडला तसा बाजाराचा नियमही आणला. गायकाचे छायाचित्र मोठे, कंपनीचे नाव त्याहून ठळक. कोरसमधल्या बायांचे नाव काय, ढोलक कोणी वाजवली, हे डबीवर शोधूनही सापडत नाही.

आणि कॅसेटचे आणखी एक रूप होते, ज्याची कोणी गणनाच केली नाही. कोरी कॅसेट घरी भरता येत होती. आबा गवंड्याच्या हाताखाली काम करीत. त्यांनी कोणाकडून तरी जुना टेपरेकॉर्डर घेतला. लाल बटण आणि वाजवायचे बटण एकदम दाबले की भरणे सुरू. माइक एकच, तोही यंत्राच्या पोटात. म्हणून पार्टीची बसण्याची जागा ठरलेली असे: गाणारा यंत्राजवळ, पेटी त्याच्या बाजूला, ढोलक पार उंबऱ्यापाशी, टाळ्या देणारे ओट्यावर. आज ज्याला मिक्सिंग म्हणतात, ते हे लोक पावले मोजून करीत होते. १९७९ साली टॅस्कॅम कंपनीने साध्या कॅसेटवर चार वेगळे आवाज भरणारे यंत्र काढले आणि घरगुती ध्वनिमुद्रणाचा इतिहास बहुधा तेथून सांगतात. आपला इतिहास उंबऱ्यापासून सांगावा लागेल.

त्या पेटीतल्या एका कॅसेटविषयी मला लिहिलेच पाहिजे. आबांनी एकदा आजीच्या ओव्या भरून घेतल्या होत्या. जात्यावरच्या, आणि काही बाबासाहेबांवरच्या. मी दहा-अकरा वर्षांचा होतो, नवी कोरी कॅसेट घ्यायला पैसे नव्हते आणि रेडिओवर सिनेमाची गाणी लागली होती. मी त्याच कॅसेटवर ती भरली. पुसलेल्या आवाजाची खूण म्हणून शेवटी अर्धा मिनिट आजी उरली आहे. तीही वाक्याच्या मध्यावर. मी रागावून घेतले असेल असे वाचकांना वाटेल. तसे काहीच झाले नाही. आजी हसली आणि म्हणाली, "गाणं कुठं जातंय रं, हाय की माझ्यापाशी." चार वर्षांनी ती गेली.

हा दोष बालपणाचा आहे असे म्हणून मला सुटता येत नाही. चिठ्ठी कोरी नसती, तिच्यावर आजीचे नाव असते, तर माझा हात थांबला असता असे मला आजही वाटते. नाव नसलेली वस्तू पुसायला सोपी असते. ती माणसे असोत की कॅसेटी.

याच जिल्ह्यात याच्या उलट उदाहरणही आहे. हेमा राईरकर आणि गी पॉतवाँ यांनी गावोगावच्या बायांच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. २०१७ पासून त्या लोकांसमोर येत आहेत. त्यांत ओवी कोणाची, गाव कोणते याची नोंद आहे. बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत. ओवीला नाव जोडल्याबरोबर ती 'लोकपरंपरा' या धूसर ढिगातून बाहेर येते आणि तिची कर्ती उभी राहते.

हा प्रश्न केवळ आपलाच नाही. अमेरिकेत एलिझाबेथ कॉटन नावाची कृष्णवर्णी बाई होती. लहानपणी लोकांच्या घरी काम करून तिने गिटार घेतली. डावखुरी असल्याने ती गिटार उलटी धरून वाजवी आणि मुलगी असतानाच तिने आगगाडीवर एक गाणे रचले. पुढे कित्येक वर्षे ती दुसऱ्यांच्या घरी स्वयंपाक-झाडलोट करीत राहिली. १९५७ साली ते गाणे इंग्लंडमध्ये गाजले तेव्हा त्यावर दुसऱ्यांचीच नावे होती. हक्क मिळवायला तिला झगडावे लागले. ती ज्या सीगर कुटुंबात कामाला होती, तेथल्या माइक सीगरने तिचे वादन घरगुती यंत्रावर भरून घेतले, आणि १९५८ साली तिच्या नावाने तबकडी निघाली. एका घरात भरलेल्या आवाजाने एका मोलकरणीला तिचे नाव परत दिले.

आता गिटार आमच्या वस्तीतही आली आहे. एका अर्थी ती अनोळखी नव्हती. जयंतीच्या मिरवणुकीतला बेंजो पाहा: तारा आणि वर टाइपरायटरसारखी बटणे. हे मूळचे जपानचे वाद्य, १९१२ च्या सुमाराचे. आपल्या मुलांनी त्याला वीज जोडून रस्त्यावर आणले. बेंजोवरची बोटे गिटारवर वळायला वेळ लागला नाही. आणि गिटारीला गावात जात नव्हती. ती कोणाच्या वतनात लिहिलेली नव्हती, तिच्यावर कोणी हुकूम केला नव्हता. मुंबईच्या 'धम्म विंग्ज'ने ती बुद्धगीतांसाठी घेतली, चेन्नईत 'कास्टलेस कलेक्टिव्ह'ने २०१८ च्या पहिल्या कार्यक्रमात गाना आणि परईबरोबर ती उभी केली. मी नोकरी लागल्यावर कलकत्त्याच्या बनावटीची एक जुनी गिटार घेतली. गुरू परवडणारा नव्हता. २०१६ नंतर मोबाइलचा डेटा स्वस्त झाला आणि मी पडद्यावर पाहून शिकलो. कडूबाई खरातांची एकतारीही याच वाटेने, मोबाइलवर चित्रित होऊन, घराघरात गेली.

आज घरी ध्वनिमुद्रण करायला एक लहान इंटरफेस, एक माइक आणि संगणक पुरतो. पण 'घरी' या शब्दात काय गृहीत आहे ते पाहा. शौकीन मंडळी सांगतात, शांत खोली निवडा. आमच्या घरावर पत्रा आहे, शेजारच्या घराची भिंत तीच आमची भिंत, आणि हमरस्त्यावरचे ट्रक रात्रभर चालू. अठ्ठेचाळीस व्होल्टवर चालणारा कंडेन्सर माइक मी आणला तेव्हा त्याने माझा आवाज कमी आणि वस्ती जास्त टिपली. शेवटी जवळचेच ऐकणारा साधा डायनॅमिक माइक घेतला, आणि आजीने शिवलेल्या गोधड्या दोन बाजूंना टांगल्या.

या छंदाने मला दूरदूरचे मित्र दिले. तारा कोणत्या घ्याव्यात, आवाज मागाहून का ऐकू येतो, हे रात्री दोनला सांगणारी अनोळखी माणसे भेटली. तेथे कोणी आडनाव विचारीत नाही याचा आनंद होता. पण एकदा मी भीमगीत वाजवून पाठवले, तेव्हा 'येथे राजकारण नको' असे उत्तर आले. आदल्याच आठवड्यात तेथे तीन आरत्या झाल्या होत्या. आडनाव न विचारणे म्हणजे जात नसणे नव्हे, एवढे त्या रात्री कळले.

आपल्यातले काही जुने कार्यकर्ते मला वेगळाच प्रश्न करतात. चळवळ सोडून हे गिटार वाजवणे कशासाठी? प्रश्न गंभीर आहे. आबांना छंद नव्हता. त्यांचे गाणे चळवळीचे होते, आणि त्यांच्या वडिलांचे गावकीचे. निव्वळ आवडते म्हणून वाजवणारा मी घराण्यातला पहिला. मला वाटते, हुकमावाचून, मोबदल्यावाचून, कोणालाही उत्तर न देता वाजवता येणे हाही मुक्तीचाच भाग आहे. मात्र त्या मोकळ्या वेळेचे ऋण आहे, आणि ते नाव लिहून फेडता येते.

म्हणून वाचकांना माझी विनंती साधी आहे. घरात मोबाइल आहेच. आई, आत्या, गायन पार्टीतला उरलेला म्हातारा यांना बसवा. गाणे सुरू होण्याआधी तारीख, गाव आणि हजर असलेल्या प्रत्येकाचे नाव मोठ्याने बोला, टाळ्या देणाऱ्याचेही. गाणे कोणाचे ते विचारा. दोन प्रती करा, एक दुसऱ्याच्या घरी ठेवा. जुन्या कॅसेटी असतील तर बुरशी खाण्याआधी उतरवून घ्या. विद्यापीठे हे काम करतील तेव्हा करोत.

गेल्या पावसाळ्यात मी आबांना बसवले. ढोलकीवर ते, गिटारवर मी. पत्र्यावर पाऊस होता, तो थांबण्याची वाट पाहिली नाही. तारीख बोललो, नसरापूर म्हणालो आणि त्यांना नाव सांगा म्हटले.

"माझं कशाला?" आबा म्हणाले, "आधी आईचं घे."

मी आजीचे नाव घेतले. मग त्यांनी आपले सांगितले, आणि पार्टीतल्या सहाही जणांची नावे एकेक करून आठवली. त्यालाच चार मिनिटे लागली. ती मी कापलेली नाहीत.