पोथी वाचली पाहिजे

मंडळी, नागपूरच्या रामदासपेठेत विद्यापीठाचे ग्रंथालय आहे. तिथे छापील पुस्तकांबरोबर जुन्या हस्तलिखित पोथ्याही जतन केलेल्या आहेत. तुमच्यापैकी कुणाच्या घरीही, देवघरात नाहीतर माळ्यावर, तांबड्या फडक्यात बांधलेली अशी एखादी पोथी असेल. आजोबांच्या पश्चात ती कुणी उघडलीही नसेल. आज आपण त्या बासनाची गाठ सोडू या. पुस्तक तयार कसे होई, मिळे कुणाला आणि टिकले कशामुळे, एवढेच पाहू.

छापखाना नव्हता तेव्हा पुस्तक म्हणजे हाताने उतरून काढलेली प्रत. रामदासपेठेचे नाव घेतले, म्हणून समर्थांचेच उदाहरण देतो. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास त्यांनी लेखनक्रियेलाच दिला आहे. शिक्षक बंधुभगिनींनी तो मुलांना जरूर दाखवावा. ओळीला ओळ लागू नये, अक्षर फार बारीक काढू नये, कारण तरुणपणी काढलेले बारीक अक्षर म्हातारपणी आपल्यालाच दिसत नाही. कागदाच्या चारी बाजूंना जागा सोडावी, म्हणजे कडा झडल्या तरी अक्षर झडणार नाही. बोरू कसले आणावेत, शाई कशी साठवावी, पोथी मेणकापडात गुंडाळून पेटीत कशी जपावी, हे सारे त्यात आले आहे. हा केवळ उपदेश नव्हे बरं का! समर्थांच्या हातचे वाल्मीकि रामायण आजही धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात आहे. शंकर श्रीकृष्ण देव यांनी 1893 साली सत्कार्योत्तेजक सभा काढली आणि मठामठांतून फिरून कागद गोळा केले, म्हणून ते आपल्याला दिसते.

आता या पुस्तकाची किंमत बघा. बत्तीस अक्षरांचा एक 'ग्रंथ' धरून लेखनाची मोजणी होई आणि त्यावर लेखकाची मजुरी ठरे. ज्ञानेश्वरीच्या ओव्या नऊ हजार. रोज शंभर उतरल्या तरी तीन महिने झाले! तीन महिने एका माणसाला पोसायचे, वर कागद आणि शाई. साध्या कुणब्याला हे कसे परवडावे? म्हणून त्याने ग्रंथ वाचला नाही, कानांनी ऐकला. देवळात एक वाचणारा आणि पन्नास ऐकणारे, ही रीत श्रद्धेतून आली हे खरेच, पण त्यात गरजही होती.

एकच प्रत असली म्हणजे धोका किती, हे आपल्या विदर्भाला चांगले ठाऊक आहे. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे महानुभावांचे मोठे स्थान. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या लीळा, ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या त्यांना विचारून विचारून लिहून काढल्या. पुढे धामधुमीत मूळ प्रत गेली आणि शिष्यांनी आठवणीतून ग्रंथ पुन्हा उभा केला, असे परंपरा सांगते. मग पंथाने सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्या वापरल्या. पोथ्या सुरक्षित राहिल्या, पण शेकडो वर्षे बाहेरच्यांना त्या वाचता येईनात. जपणूक झाली, पण दारेही मिटली.

छापखाना आपल्याकडे तसा लवकर आला. 1556 साली तो गोव्याला उतरला. फादर स्टीफन्सचे ख्रिस्तपुराण 1616 साली छापले गेले. भाषा मराठी, पण लिपी रोमी. पेशवाईत नाना फडणिसांच्या मनात आले की गीता छापावी. त्यांनी एका तांबटाला हाताशी धरले. 1800 साली नाना वारले. तो कारागीर मिरजेला पटवर्धनांकडे गेला, आणि 1805 साली तांब्याच्या पत्र्यांवर अक्षरे कोरून तिथे गीता छापली गेली. त्याच वर्षी दूर बंगालमध्ये श्रीरामपूरला विल्यम कॅरीने वैजनाथ पंडितांच्या मदतीने मराठीचे व्याकरण छापले. गंमत अशी की, नागपूरकर भोसल्यांची वंशावळही पुढच्या दशकात तिथेच, मोडी खिळ्यांनी छापली गेली. घराणे नागपूरचे आणि छापखाना हुगळीकाठी!

मुंबईला गणपत कृष्णाजींनी 1831 साली शिळाछापावर पंचांग काढले. लोक बिचकले. शाईत चरबी असते, तो कागद सोवळ्यात शिवायचा कसा? तेव्हा छापणाऱ्यांनी तुपाची शाई केली, आणि धर्मग्रंथ छापील होऊन घरोघर गेले. पुढे 1869 साली जावजी दादाजींनी निर्णयसागर छापखाना घातला. त्याच्या सुबक खिळ्यांनी मराठी आणि संस्कृत वाचणाऱ्यांचे डोळे निवले. एकदा खिळे जुळवले की शंभर प्रती निघोत की हजार, जुळणीची मजुरी एकदाच. पुस्तक स्वस्त झाले ते यामुळे. ऐकणारा वाचू लागला.

आणि लीळाचरित्र? हरि नारायण नेने यांनी 1936-37 च्या सुमारास नागपुरातून ते छापून काढले. पुढे डॉ. वि. भि. कोलते यांनी महानुभाव पोथ्यांच्या शोधात आयुष्य घालवले. साडेसहाशे वर्षे बासनात राहिलेली मराठी शाळेतल्या मुलांपर्यंत आली, ती कुणीतरी पोथी दिली आणि कुणीतरी ती वाचली म्हणून.

म्हणून एक विनंती. जुनी पोथी जीर्ण झाली की ती नदीत सोडण्याची आपल्याकडे चाल आहे. भाव चांगला, पण नुकसान भरून न येणारे. जुन्या पोथ्यांच्या शेवटी लेखकाची विनवणी असते: पाठ, मान मोडून मी हे लिहिले आहे, तेलापासून, पाण्यापासून याला सांभाळा. ज्याने पाण्यापासून सांभाळा म्हटले, त्याचेच लेखन आपण पाण्यात सोडावे काय? ती पोथी आधी गावच्या शिक्षकांना दाखवा. ओले फडके लावू नका, चिकटपट्टी लावू नका, पाने होती त्याच क्रमाने राहू द्या. शिक्षकांनी आरंभ आणि शेवट पाहावा. लेखकाचे नाव, गाव आणि शक बहुधा शेवटी सापडतो. मग विद्यापीठाच्या ग्रंथालयाला कळवावे. मराठीत 'वाचणे' म्हणजे अक्षर वाचणे आणि जीव वाचणेही. पोथीच्या बाबतीत दोन्ही एकच आहे.