काचघरातील राजा

घटपर्णी ही कीटकभक्षक वेल घरी वाढविणे हा व्हिक्टोरिया राणीच्या काळच्या इंग्रज धनिकांचा षोक. १८५८ साली ह्यू लो यांना बोर्निओतील किनाबालू पर्वतावर तिची ‘राजा’ ही जात आढळली. (हा राजा म्हणजे सारवाकचा गोरा अधिपती जेम्स ब्रुक!) पुढे १८७८ साली बर्बिज यांनी तिचे बी व्हीच यांच्या रोपवाटिकेस आणून दिले. उष्ण देशची म्हणून माळ्यांनी तिला तापविलेल्या काचघरात कोंडले. वास्तविक ती दीड हजार मीटरांवरची, थंड रात्रींना सरावलेली. तेथे ती झुरली. माळी कुशल होते, पण त्यांनी नकाशा पाहिला, उंची पाहिली नाही, असे आम्हांस वाटते. सखल भागातील जातींनी मात्र त्याच उबेत बाळसे धरले. व्हीच यांच्याकडील जॉन डॉमिनी यांनी त्यांचा पहिला संकर १८६२ सालीच प्रदर्शनात मांडला होता.