स्वनिर्मित विमानातील इंजिनबदल

हौशी व्यक्तीने स्वतः बांधलेल्या हलक्या विमानातील इंजिन काढून त्याजागी वेगळ्या प्रकारचे इंजिन बसवणे, यास इंजिनबदल म्हणतात. दोन्ही इंजिनांची शक्ती समान असली तरी ही साधी अदलाबदल ठरत नाही. उदाहरणार्थ, अमेरिकन कॉन्टिनेंटल ओ-२०० व ऑस्ट्रियन रोटॅक्स ९१२ यूएलएस ही दोन्ही इंजिने १०० अश्वशक्तीची आहेत. कॉन्टिनेंटल हवेने थंड होते आणि मिनिटाला २,७५० फेऱ्यांनी प्रोपेलर थेट फिरवते. रोटॅक्स पूर्ण शक्ती ५,८०० फेऱ्यांवर देते. त्यामुळे त्यास वेग घटवणारा गीअरबॉक्स असतो, तसेच सिलिंडरांची शीर्षे थंड ठेवण्यासाठी रेडिएटर लागतो.

रोटॅक्स वजनानेही हलके आहे. विमानाच्या नाकाकडील भार घटल्यास गुरुत्वमध्य मागे सरकतो. तो ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेल्यास विमान अस्थिर होते व गिरकीत सापडल्यास सावरणे अशक्य होऊ शकते. म्हणून हलके इंजिन बहुधा अधिक पुढे बसवतात आणि त्यासाठी नवी आधारचौकट बनवतात. बदलानंतर विमानाचे वजन व गुरुत्वमध्य नव्याने मोजले जातात आणि इंधनाचा प्रवाह तपासला जातो. अमेरिकेत अशा मोठ्या बदलानंतर विमानाची पुन्हा चाचणी उड्डाणे करावी लागतात. त्या काळात प्रवासी नेण्यास मनाई असते.