क्रिस्तपुराणाची ओवी

वृत्त म्हटले की शाळेतले 'यमाताराजभानसलगा' आठवते. लघु-गुरूंच्या खुणा करायच्या, तीन-तीन अक्षरांचे गण पाडायचे, की वृत्ताचे नाव सापडते. ओवी मात्र या मापात बसत नाही. तिला चार चरण. पहिल्या तिन्हींच्या शेवटी यमक, चौथा आखूड आणि यमकावाचून. अक्षरे किती, याचे कडक बंधन नाही.

इंग्लंडमध्ये जन्मलेले जेझुइट पाद्री थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले. बायबलच्या कथा मराठीत सांगताना त्यांनी हीच ओवी घेतली. सुमारे ११,००० ओव्यांचे त्यांचे क्रिस्तपुराण १६१६ साली राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले.

ओवीच का? सासष्टीतली देवळे १५६७ सालीच पाडली गेली होती. पुराणश्रवणही सुटले. ग्रंथाच्या आरंभीच एक नवख्रिस्ती पाद्रींना विचारतो, की आमची जुनी पुराणे बंद केलीत, मग त्यांच्या जागी दुसरी का देत नाही? वाचकहो, धर्म बदलला तरी कान तेच होते!

ओवीची सोय पाहा. शार्दूलविक्रीडितात प्रत्येक चरणात १९ अक्षरे, त्यांचे लघु-गुरूही ठरलेले. त्यात परकी विशेषनामे कोंबायची म्हणजे ओढाताण. ओवीत ती सहज मावतात. तीन यमकांनी ओळ स्मरणात राहते, चौथ्या चरणाशी अर्थ टेकतो आणि कथा पुढे सरकते.

अलंकारही इथलेच. मराठीची थोरवी सांगताना स्टीफन्स रत्ने, फुले, सुगंध, पक्षी, वृक्ष अशी दृष्टान्तांची माळ ओवतात. ही रीत ज्ञानेश्वरीच्या वाचकाला परकी नाही. स्वर्गाला तर ते 'वैकुंठ'च म्हणतात.

पुढे १६८४ साली पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषा सोडण्याचा हुकूम काढला. तरी क्रिस्तपुराणाच्या हस्तलिखित प्रती टिकल्या आणि त्यांच्या आधारे १९०७ साली ते मंगळुरात पुन्हा छापले गेले.

स्टीफन्स यांच्या मराठीप्रेमाचे आपण कौतुक करतो, ते योग्यच आहे. पण त्यांच्या ओवीत आणखी एक गोष्ट ऐकू येते. ज्या सत्तेने लोकांची देवळे पाडली, पुराणे बंद केली, तिच्या पाद्रींनाही त्यांच्यापर्यंत पोहोचायला त्यांचीच चाल उसनी घ्यावी लागली.