आधी पाय कोणी धुतले?

१५७३ सालचा मार्च महिना. लंडनजवळच्या ग्रीनिच राजवाड्यात ३९ गरीब बायकांना ओळीनं बसवलं आहे. इंग्लंडची राणी पहिली एलिझाबेथ तेव्हा ३९ वर्षांची होती. जितकं राणीचं वय तितक्या बायका, असा हिशोब. इस्टरच्या आधीचा गुरुवार होता आणि त्या दिवशी राजानं किंवा राणीनं गरिबांचे पाय धुवायचे, असा रिवाज होता.

विल्यम लॅम्बार्ड नावाच्या माणसानं या दिवसाचं वर्णन लिहून ठेवलंय. त्यात सगळ्यात आधी येते ती राजवाड्यातली धोबीण. कोमट पाणी आणि सुवासिक फुलं घेऊन ती एकेकीचे पाय धुते, पुसते, त्यावर क्रूसाची खूण करते आणि पायाचं चुंबन घेते. मग दानधर्म खात्याचा दुय्यम अधिकारी येतो, तोही तेच करतो. मग मुख्य अधिकारी. आणि मग, गालिचे आणि उशा अंथरल्यावर, गुडघे टेकून राणी.

म्हणजे राणीचा हात लागेपर्यंत ते पाय तीनदा धुऊन झालेले होते.

त्या बायकांना त्या दिवशी कापड मिळालं, बूट मिळाले, मासे, पाव, वाइन मिळाली. आधीच्या रिवाजाप्रमाणे राणीनं अंगावरचा झगा त्यांच्यातल्या एकीला द्यायचा असे. पण एका झग्यासाठी एवढ्या जणींची ओढाताण नको म्हणून एलिझाबेथनं प्रत्येकीला २० शिलिंग दिले. गरिबांच्या दृष्टीनं हा सौदा वाईट नव्हता. मी काही राणीवर टीका करायला बसलेलो नाही. माझं लक्ष जातं ते त्या धोबिणीकडे. चिखल, घाम, भेगा, जे काही होतं ते तिच्या पाण्यात गेलं. वर्णनात ती फक्त ‘धोबीण’ आहे.

आता दीड हजार वर्षं मागं जाऊ. कारण ज्या प्रसंगाची ही नक्कल होती, त्यात धोबीण नव्हती.

येशूच्या शेवटच्या रात्रीची ही गोष्ट चार शुभवर्तमानांपैकी फक्त योहानाच्या शुभवर्तमानात येते, १३व्या अध्यायात. बाकी तिघं त्या जेवणातल्या भाकरी आणि द्राक्षारसाबद्दल सांगतात. योहान त्याबद्दल गप्प राहतो आणि त्याऐवजी हे सांगतो की येशू जेवणावरून उठला, अंगावरची वस्त्रं उतरवली, कमरेला टॉवेल गुंडाळला, भांड्यात पाणी ओतलं आणि शिष्यांचे पाय धुऊ लागला.

त्या काळच्या पॅलेस्टाइनमध्ये पाय धुणं ही काही धार्मिक क्रिया नव्हती. रस्ते धुळीचे, पायात चपला. जेवायला लोक आडवे रेलून बसत, त्यामुळे एकाचे पाय दुसऱ्याच्या फार लांब नसत. घरात शिरताना पाय धुणं ही रोजची गरज होती आणि ते काम गुलामाचं. ज्यू धर्मशास्त्राच्या एका जुन्या भाष्यात तर असं म्हटलंय की हिब्रू गुलामाकडून मालकानं पाय धुवून घेऊ नयेत, ते त्याला कमीपणा आणणारं आहे. गुलामांमध्येही उतरंड होती, आणि हे काम त्या उतरंडीच्या तळाशी होतं.

पेत्र हा शिष्य अडून बसला. माझे पाय तुम्ही कधीच धुवायचे नाहीत, अशा अर्थाचं तो बोलला. सगळ्या प्रसंगात मला हाच भाग फार खरा वाटतो. गुरूनं खाली बसून आपले पाय हातात घ्यावेत, याची जी लाज वाटते ती आपल्याला लगेच कळते. येशूनं त्याला सुनावलं की धुऊ दिले नाहीस तर तुझा माझ्याशी काही संबंध नाही. त्याच खोलीत यहूदाही होता. तो त्या रात्री येशूला पकडून देणार होता. योहानाच्या सांगण्याप्रमाणे तो नंतर बाहेर पडला. म्हणजे त्याचेही पाय धुतले गेले होते.

शेवटी येशूनं सांगितलं की मी केलं तसं तुम्हीही एकमेकांचं करा. ‘एकमेकांचं’ हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

भाकरी आणि द्राक्षारसाचं पुढं चर्चच्या मध्यवर्ती संस्कारात रूपांतर झालं. पाय धुण्याचं तसं झालं नाही. चौथ्या शतकात इटलीतल्या मिलान शहरात बाप्तिस्मा घेतलेल्यांचे पाय धुण्याची पद्धत होती. रोममध्ये नव्हती, आणि मिलानचा बिशप अम्ब्रोझ याला त्याबद्दल सफाई द्यावी लागली. ६९४ साली स्पेनमधल्या टोलेडोच्या धर्मसभेनं बिशपांना बजावलं की पवित्र गुरुवारी पाय धुवायलाच हवेत. बजावावं लागतं याचा अर्थ टाळाटाळ चालू होती.

पण दरम्यान कुणीतरी ही गोष्ट समारंभातून काढून स्वयंपाकघरात नेली होती. सहाव्या शतकात इटलीत बेनेडिक्ट नावाच्या संन्याशानं मठासाठी नियमावली लिहिली. तिच्या ३५व्या प्रकरणात स्वयंपाकाच्या पाळ्या आहेत. मठात सगळ्यांनी आळीपाळीनं आठवडाभर वाढायचं, रांधायचं. शनिवारी पाळी संपली की साफसफाई करायची, आणि ज्याची पाळी संपली तो आणि ज्याची सुरू होणार तो, अशा दोघांनी मिळून सगळ्यांचे पाय धुवायचे. शिवाय ज्यांनी हातपाय पुसले ते टॉवेल, संपलेल्या पाळीवाल्यानं स्वतः धुवून टाकायचे. भांडी मोजून, स्वच्छ करून कोठारवाल्याकडे परत द्यायची.

टॉवेल कोण धुणार, हे लिहून ठेवणारा माणूस मला भरवशाचा वाटतो. नम्रता हा मनातला भाव आहे, असं म्हणून सुटका करून घेता येते. पाळीच्या तक्त्यातून सुटका नसते.

अर्थात राजघराण्यातही हे मनापासून करणारे लोक होते. इंग्लंडचा राजा पहिला हेन्री याची राणी मटिल्डा हिची गोष्ट तिच्याच भावानं सांगितलेली आहे. तिचा भाऊ डेव्हिड पुढं स्कॉटलंडचा राजा झाला. तरुणपणी तो बहिणीच्या दरबारात असताना एका रात्री तिनं त्याला आपल्या खोलीत बोलावलं. तो आत गेला तर खोली कुष्ठरोग्यांनी भरलेली, आणि राणी कमरेला टॉवेल बांधून त्यांचे पाय धुतेय, पायांचं चुंबन घेतेय. तो घाबरून म्हणाला की राजाला हे कळलं तर तो तुझ्या ओठांना ओठ लावणार नाही. ती हसली, आणि त्यालाही हे काम करायला बोलवू लागली. तो काढता पाय घेऊन सटकला. हे डेव्हिडनं पुढं एल्रेड नावाच्या संन्याशाला स्वतःच सांगितलं, म्हणून आपल्यापर्यंत पोचलं. मटिल्डा एवढ्यावर थांबली नव्हती. लंडनच्या वेशीबाहेर सेंट जाइल्स हे कुष्ठरोग्यांसाठीचं रुग्णालय तिनंच उभारलं.

वूस्टरचा बिशप ऑस्वाल्ड याचीही एक नोंद आहे. उपासाच्या काळात तो रोज १२ गरिबांचे पाय धुवायचा आणि तेच करताना त्याचा मृत्यू झाला. तारीख २९ फेब्रुवारी ९९२. पुण्यतिथी चार वर्षांतून एकदा, हेही त्या साधेपणाला शोभतं.

राजेलोकांच्या हातात मात्र ही प्रथा हळूहळू वाळत गेली. इंग्लंडमध्ये स्वतः पाय धुणारा शेवटचा राजा म्हणून साधारणपणे दुसऱ्या जेम्सचं नाव घेतात, म्हणजे सतराव्या शतकाची अखेर. त्यानंतर पाणी गेलं, नाणी राहिली. आजही ब्रिटनचा राजा त्या गुरुवारी खास पाडलेली चांदीची नाणी वाटतो. २०२३ साली तिसऱ्या चार्ल्सनं यॉर्कमध्ये ७४ पुरुष आणि ७४ स्त्रियांना ती दिली, कारण तो ७४ वर्षांचा होता. समारंभातले अधिकारी अजूनही अंगावर पांढरा टॉवेल बांधतात. त्यानं पुसायला मात्र काही उरलेलं नाही. व्हिएन्नात ऑस्ट्रियाचे सम्राट १२ म्हाताऱ्यांचे पाय धुवत, दरबारी लोक प्रेक्षक म्हणून बसत. १९१८ साली साम्राज्य गेलं, त्याबरोबर तेही गेलं.

‘एकमेकांचं’ हा शब्द अक्षरशः घेतला तो वेगळ्याच लोकांनी. सोळाव्या-सतराव्या शतकात युरोपात ज्यांचा दोन्ही बाजूंनी छळ होत होता, त्या मेनोनाइट पंथीयांनी १६३२ साली डच शहर डॉर्ड्रेख्ट इथं आपल्या श्रद्धेचं निवेदन काढलं, त्यात पाय धुण्याला स्वतंत्र कलम आहे. त्यांच्याकडे राजा नाही, बिशपचा थाट नाही. दोघं-दोघं बसतात. मी तुझे धुतो, मग तू माझे. दुसऱ्याचे पाय धुताना निदान आपण काहीतरी मोठं करतोय असं वाटू शकतं. आपले पाय पुढे करून बसताना तीही सोय नाही. पेत्राची लाज इथं प्रत्येकाच्या वाट्याला येते.

अशाच विचारांचा ब्रेदरन हा पंथ १७०८ साली जर्मनीत सुरू झाला, अमेरिकेत वाढला आणि १८९४ साली त्यांचे मिशनरी भारताकडे निघून गुजरातेत बलसाडला आले. पुढं त्यांचं काम आपल्या डहाणूपर्यंत पसरलं. या पंथाच्या ‘प्रीतिभोजना’त आधी एकमेकांचे पाय धुणं, मग साधं जेवण, मग भाकरी आणि द्राक्षारस असा क्रम असतो. इथल्या ब्रेदरन मंडळ्या १९७० साली चर्च ऑफ नॉर्थ इंडियात सामील झाल्या.

भारतात हा विधी आला तेव्हा तो कुठल्या जमिनीवर आला, हे पाहायला हवं. आपल्याकडे पाय धुणं अनोळखी नव्हतंच. लग्नात वधूचे आईवडील जावयाचे पाय धुतात. गुरूंची पाद्यपूजा होते, चरणतीर्थ प्राशन केलं जातं. ‘पाय धुऊन पाणी प्यावं’ असं आपण कुणाच्या थोरवीबद्दल म्हणतो. महाभारतात राजसूय यज्ञात कृष्णानं पाय धुण्याचं काम घेतलं; तिथं धुणारा मोठा आहे, पण पाय ब्राह्मणांचे आहेत. पाणी आपल्याकडे बहुतेक एकाच दिशेनं वाहत आलंय. खालच्यानं वरच्याचे पाय धुवायचे. आणि ज्यांचा स्पर्शच नको होता, त्यांच्या पायांचा तर प्रश्नच नव्हता. म्हणून हा विधी इथं युरोपपेक्षा जास्त बोचरा ठरू शकतो. फक्त तो बोचायला हवा असेल तर बाकावर कोण बसलंय हे बघावं लागतं. गावातलेच प्रतिष्ठित १२ जण बसवले, की सगळं पुन्हा जागच्या जागी.

२०१९ साली प्रयागराजच्या कुंभमेळ्यात पंतप्रधानांनी पाच सफाई कामगारांचे पाय धुतले, तो व्हिडिओ तुमच्याही फोनवर आला असेल. दिशा तिथं उलटी होती, हे मान्य करायला हवं. पण हातानं मैला साफ करण्याविरुद्ध लढणाऱ्या कार्यकर्त्यांनी लगेच गटारात गुदमरून मरणाऱ्यांचा प्रश्न काढला. मला तो प्रश्न ग्रीनिचच्या धोबिणीच्या जातकुळीचा वाटतो. मटिल्डाच्या रुग्णालयासारखं काही मागं राहणार आहे का?

बाकावर कोण बसणार, यावरूनच कॅथलिक चर्चमध्ये अलीकडे वादळ झालं. १९५५च्या सुधारणेनंतर हा विधी गावोगावच्या चर्चमध्ये संध्याकाळच्या मिस्सात आला, पण नियमात ‘पुरुष’ असा शब्द होता. पोप वर्षानुवर्षं रोमच्या भव्य बॅसिलिकात, बऱ्याचदा धर्मगुरूंचेच पाय धुवत. २८ मार्च २०१३ला, पोप होऊन जेमतेम दोन आठवडे झालेले फ्रान्सिस रोममधल्या कासाल देल मार्मो या बालगुन्हेगारांच्या तुरुंगात गेले आणि १२ जणांचे पाय धुतले. त्यात दोन मुली होत्या. दोघं मुसलमान होते. अनेक निष्ठावंत चिडले, कारण नियम पोपनंच मोडला होता. २०१६च्या जानेवारीत नियम बदलून स्त्रियांना जागा देण्यात आली. त्याच वर्षी त्यांनी रोमजवळच्या निर्वासित केंद्रात ज्यांचे पाय धुतले, त्यांत भारतातून गेलेला एक हिंदू माणूस होता. केरळच्या सिरो-मलबार चर्चनं मात्र, आपली पूर्वेची परंपरा वेगळी आहे असं सांगत, पुरुषांपुरताच विधी कायम ठेवला.

फ्रान्सिस दरवर्षी बहुधा तुरुंग किंवा तसलंच ठिकाण निवडत. २०२४ साली रोमच्या रेबिबिया तुरुंगात १२ बायका होत्या. पोप तोवर चाकाच्या खुर्चीत होते, गुडघे टेकणं शक्य नव्हतं. म्हणून बायकांना उंचवट्यावर बसवलं, म्हणजे त्यांचे पाय त्यांच्या हाताच्या उंचीला येतील. अनेकजणी रडत होत्या.

पुढच्या वर्षी, १७ एप्रिल २०२५ला, ते रोमच्या रेजिना चेली तुरुंगात गेले. वय ८८, मोठ्या आजारातून नुकतेच उठलेले. सुमारे ७० कैदी जमले होते. आपण दरवर्षी या दिवशी पाय धुतो, यंदा जमणार नाही, पण तुमच्याजवळ यायचं होतं, असं त्यांनी सांगितलं. अर्धा तास तिथं थांबले. चार दिवसांनी, इस्टरच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, त्यांचं निधन झालं.