बहुग्रंथी स्वयंप्रतिकार विकार, प्रकार १

बालवयात सुरू होणारा दुर्मिळ आनुवंशिक विकार. यात प्रतिकारयंत्रणा शरीराच्याच अंतःस्रावी ग्रंथींवर उलटते व त्या एकेक करून निकामी होतात. ‘एपीएस-१’ आणि ‘एपेसेड’ ही याची रूढ नावे. न्यूफेल्ड व ब्लिझर्ड यांच्या १९८० च्या वर्गीकरणात याला पहिला क्रमांक मिळाला. प्रकार २ मुख्यतः प्रौढांत आढळतो.

कारण : २१ व्या गुणसूत्रावरील ‘एआयआरई’ जनुकातील दोष. हे जनुक १९९७ मध्ये सापडले. छातीच्या हाडामागील थायमस ग्रंथीत टी-पेशी परिपक्व होतात. या जनुकामुळे तेथील काही पेशी इन्शुलिनसारखी, एरवी इतर अवयवांत बनणारी प्रथिने अल्प प्रमाणात बनवतात आणि त्यांच्यावर तुटून पडणाऱ्या टी-पेशी तिथेच नष्ट होतात. जनुक सदोष असल्यास ही चाळणी फाटते. सहसा आईवडील दोघांकडून सदोष जनुक आल्यावरच विकार होतो. इराणी ज्यू (सुमारे ९,००० त एक), सार्डिनिया (१४,००० त एक) व फिनलंड (२५,००० त एक) येथे प्रमाण अधिक आहे.

लक्षणे : बहुधा पाचव्या वर्षाआधी तोंडात बुरशीचे पांढरे चट्टे येतात व ते पुन्हापुन्हा उद्भवतात. पुढे परावटू ग्रंथी निकामी होऊन रक्तातील कॅल्शियम घटते. ओठांभोवती मुंग्या येतात, बोटे आखडतात, झटके येतात. हे झटके अपस्माराचे समजले जाण्याचा धोका असतो. त्यानंतर अधिवृक्क ग्रंथींचा ॲडिसन रोग होतो : थकवा, वजनघट, खारट खाण्याची ओढ, काळवंडलेली त्वचा व हिरड्या. दातांचे सदोष इनॅमल, केस गळणे, यकृतदाह हेही आढळतात. क्रम प्रत्येक मुलात सारखा नसतो.

निदान : तोंडातील बुरशीसंसर्ग, परावटू ग्रंथी निकामी होणे व ॲडिसन रोग या तीनपैकी दोन विकार असल्यास निदान होते, भावंडाला हा विकार असल्यास एकही पुरेसा ठरतो. इंटरफेरॉन-ओमेगाविरोधी प्रतिपिंडे जवळजवळ सर्व रुग्णांत सापडतात. जनुकचाचणीने खात्री होते.

उपचार : बुरशीरोधक औषधे, कॅल्शियम व सक्रिय ड जीवनसत्त्व, ॲडिसन रोगासाठी हायड्रोकॉर्टिसोन व फ्लुड्रोकॉर्टिसोन. तापात हायड्रोकॉर्टिसोनची मात्रा वाढवावी लागते. उलट्या होत असल्यास ते इंजेक्शनने देतात. अवटू ग्रंथी मंदावली असल्यास थायरॉक्सिन देण्यापूर्वी अधिवृक्क ग्रंथींच्या कॉर्टिसोल या संप्रेरकाची कमतरता तपासतात, अन्यथा अधिवृक्क ग्रंथींचा जीवघेणा झटका येऊ शकतो. नवी ग्रंथी कधीही बाधित होऊ शकत असल्याने नियमित तपासण्या आयुष्यभर चालू ठेवाव्या लागतात.